रक्ताचा आठवा भाग

हर्नडन, व्हर्जिनिया
१२ मे २००२

चि. उपासना हिस सप्रेम जयभीम.

तुझा पत्ता तुझ्या बाबांकडून, नागपूरहून मागवला. आपण दोघं एकाच देशात आणि पत्ता सातासमुद्रापलीकडून यावा, याचं हसू आलं. मी इथे येऊन महिना होत आला. सकाळी फिरायला निघतो तर शेजारची गोरी बाई गाडी थांबवून विचारते, काही अडचण आहे का. इथे पायी चालणारा माणूस हरवलेलाच असावा असं तिला वाटत असेल.

बाकी ठीक. घर मोठं आहे. सूनबाई अहिल्या माझं पथ्य सांभाळते. नातू निमिष मराठी समजतो पण उत्तर इंग्रजीत देतो. कुशल सकाळी जातो तो अंधारातच परततो.

एक गोष्ट तुला सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगितली तर म्हातारा हळवा झाला म्हणतील. इथे कुशलला सगळे 'कुशल राज' म्हणून ओळखतात. मी विचारलं, मेश्राम का नाही? म्हणाला, बाबा, इथल्या लोकांच्या जिभेवर ते बसत नाही, म्हणून तुमच्या नावातलं राज घेतलं. म्हणजे पोराने बापाचं नाव आडनाव केलं. मी खोलीत येऊन माझ्या बॅगेवरची चिठ्ठी पाहिली, तिच्यावर राजाराम मेश्राम होतं.

आता तुझं सांग. बाबा म्हणतात तू स्टेट कॉलेज नावाच्या गावातलं विद्यापीठ सोडून ओक्लाहोमात, रेड इंडियन लोकांच्या गावात जाऊन राहिली आहेस. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. त्यात अमेरिकेचा एकच धडा होता, चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्याचा. पुढचं तू शिकव.

तुझा,
राजाराम काका


वेवोका, ओक्लाहोमा
२ जून २००२

आदरणीय काका, जयभीम.

पत्र पाहून इतकं बरं वाटलं! विद्यापीठ सोडलेलं नाही. पीएच.डी.चं फील्डवर्क इथे आहे, म्हणून वर्षभर इथेच. स्टेट कॉलेजला निदान कॅम्पसची बस होती. इथे लाल माती, अक्रोडासारख्या पेकनची झाडं आणि शेतात मान खालीवर करणारे तेलाचे पंप. मी मिस ओडेसा कजो यांच्याकडे भाड्याने राहते. त्या ऐंशीच्या घरातल्या. इथे वयस्कर बायकांना सगळे 'मिस'च म्हणतात.

तुम्ही धडा मागितलात, तर ऐका. दोनशे वर्षांपूर्वी जॉर्जिया आणि कॅरोलिनाच्या मळ्यांतले गुलाम दक्षिणेला पळायचे, फ्लोरिडाच्या दलदलीत. तिथे सेमिनोल नावाचे आदिवासी होते. त्यांनी या काळ्या माणसांना जवळ केलं. त्यांची गावं वेगळी पण शेजारी. काळे लोक मक्यातला वाटा सेमिनोल प्रमुखाला द्यायचे, आणि त्यांना पकडायला आलेल्या गोऱ्यांसमोर प्रमुख उभा राहायचा. अमेरिकन सरकारने फ्लोरिडा रिकामी करायला सैन्य पाठवलं तेव्हा दोघं मिळून सात वर्षं लढले. गुडघाभर पाण्यात, गवतात लपून. सैन्याचे सेनापती लिहून गेलेत की ही लढाई इंडियनांशी कमी आणि काळ्यांशी जास्त आहे. शेवटी हरले. बोटींत भरून दोघांनाही इकडे आणून टाकलं. हे वेवोका गाव वसवलं तेही काळ्या सेमिनोलांनीच.

मिस ओडेसा त्या काळ्या सेमिनोलांच्या वंशातल्या. रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, मिस लुसिंडा फिक्सिको राहतात. त्या सेमिनोल. दोघी एकाच ओढ्यात पोहायला शिकल्या. ओक्लाहोमाच्या तेव्हाच्या कायद्यात इंडियन पोरं गोऱ्यांत धरायचे, म्हणून लुसिंडाची शाळा वेगळी आणि ओडेसाची वेगळी. दोघी घरून बरोबर निघायच्या, चौकात वेगळ्या व्हायच्या आणि परतताना तिथेच एकमेकींची वाट बघायच्या. लुसिंडाची आई दोघींना सोफ्की प्यायला द्यायची. सोफ्की म्हणजे मक्याची आंबट पेज. मी प्यायले तर थेट आपली आंबील.

मिस ओडेसा संध्याकाळी पुढच्या पोर्चवर खुर्ची टाकून बसतात आणि मला हे सगळं सांगतात. लिहून घेताना हात दुखतो, पण थांबा म्हणवत नाही.

तुमची,
उपासना


हर्नडन
२० जून २००२

चि. उपासना, जयभीम.

तुझं पत्र मी तीनचारदा वाचलं. जेवताना निमिषला त्या दलदलीची गोष्ट सांगितली. तो घास हातात धरून ऐकत होता. कुशलने मध्येच त्याच्या पोहण्याच्या क्लासचा विषय काढला. दमून येतो बिचारा, त्याला गंभीर बोलणं नको वाटतं.

पोरी, मला राहून राहून एकच वाटतं. ज्याला सगळ्यांनी टाकलं त्याला कुणीतरी म्हटलं, ये, माझ्या गावाशेजारी गाव वसव, तुझ्यासाठी मी लढतो. आपल्याकडे एका तरी गावाने आपल्यासाठी असं म्हटलं असतं, तर बाबासाहेबांना लढा पाणवठ्यापासून सुरू करावा लागला नसता. तुझ्या त्या लुसिंडाबाईंना माझा मनापासून जयभीम सांग. त्याचा अर्थही सांग. अशी माणसं अजून आहेत हे कळलं तरी म्हाताऱ्याचा दिवस चांगला जातो.

ओडेसाबाईंना विचार, दोघी अजून सोफ्की एकत्र पितात का?

राजाराम काका


वेवोका
४ ऑगस्ट २००२

आदरणीय काका, जयभीम.

उत्तराला उशीर झाला. तुमच्या प्रश्नाचं काय लिहावं ते सुचत नव्हतं. दोघी एकत्र सोफ्की पीत नाहीत. दोन वर्षांपासून त्या एकमेकींशी बोलत नाहीत. मला हे आल्यापासून माहीत होतं. पहिल्या पत्रात मी फक्त छान तेवढं लिहिलं, कारण तुम्ही नवीन देशात एकटे आहात असं वाटलं.

झालं असं. जमातीने सन दोन हजारमध्ये मतदान घेतलं. ज्याच्या अंगात निदान आठवा भाग सेमिनोल रक्त आहे तोच जमातीचा, असं ठरलं. जमातीतल्या गटांना इथे तुकड्या म्हणतात, त्यातल्या काळ्या सेमिनोलांच्या दोन तुकड्यांना जमातीच्या कौन्सिलमध्ये जागा होत्या, त्या गेल्या. मिस ओडेसांचे एक पणजोबा सेमिनोल होते, म्हणजे हिशोबाने आठवा भाग होतो. पण शंभर वर्षांपूर्वी सरकारी माणूस नावं लिहायला आला तेव्हा त्याने चेहरा बघून माणसं वाटली. तांबूस दिसले ते 'रक्ताचे', काळे दिसले ते 'मुक्त गुलाम'. काळ्यांच्या बाबतीत रक्त किती हे विचारलंच नाही. आता तेच सिद्ध करा म्हणतात.

मतदान झालं त्याच दुपारी मिस लुसिंडा रस्ता ओलांडून आल्या आणि उभ्या उभ्या म्हणाल्या, "ओडेसा, तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून मीच सांगते. मी बाहेर काढायच्या बाजूने मत दिलं." एवढं बोलून परत गेल्या.

इथे जमातीकडून म्हाताऱ्या माणसांसाठी दुपारचं जेवण असतं. दोघी आधी तिथे एका टेबलाशी बसायच्या. मिस ओडेसांनी तिथे जाणं सोडलं. मी म्हटलं, कुणी अडवलं का? म्हणाल्या, अजून नाही. कुणी उठवण्याआधी आपणच उठलेलं बरं.

तुमचा जयभीम मी अजून पोचवलेला नाही.

उपासना


हर्नडन
२५ ऑगस्ट २००२

चि. उपासना, जयभीम.

वाचून फार वाईट वाटलं. पण मी निराश नाही. वर्गात मी पाहिलं आहे, माणूस दुष्ट असतो म्हणून असं वागत नाही, विसरतो म्हणून वागतो. लुसिंडाबाईंना कुणी आठवण करून दिली नसेल. तू इतिहासाचा अभ्यास करतेस, तू दे. त्यांना सांग की तुमच्या पूर्वजांना गोऱ्यांनी एकटं गाठलं असतं, पण शेजारी ओडेसाचे पूर्वज बंदूक धरून उभे होते. ज्याच्याबरोबर माणूस मरायला तयार झाला, त्याचं रक्त मोजायचं नसतं. माझं नाव घेऊन सांग. भारतातून आलेला एक म्हातारा मास्तर असं म्हणतो म्हणावं. परक्या माणसाचं कधी कधी ऐकतात.

इथे सगळं छान आहे. शनिवारी कुशलकडे मराठी मंडळी येतात. त्या दिवशी अहिल्या माझ्या खोलीतली बाबासाहेबांची तसबीर पुसायला घेऊन जाते आणि दुसऱ्या दिवशी आणून लावते. इतकी स्वच्छता मी कुठल्या घरात पाहिली नाही.

राजाराम काका


वेवोका
१३ ऑक्टोबर २००२

आदरणीय काका, जयभीम.

मी गेले होते. आता वाटतं, जायला नको होतं.

मिस लुसिंडांनी मला बसवलं, सोफ्की दिली. मी तुमचा निरोप जसाच्या तसा सांगितला. मग म्हणाल्या, "तुझ्या काकांना सांग, मी काही विसरलेली नाही. फ्लोरिडा गेली. मग इथे दिलेली जमीनही गेली. मी शाळेत आमची भाषा बोलले म्हणून बाईंनी माझ्या तोंडात साबण घातला, तेव्हापासून पोरांशी इंग्रजीतच बोलले. माझ्या नातवंडांना आमचा एक शब्द येत नाही. दर वेळी वॉशिंग्टनने ठरवलं की आम्ही कोण, किती आणि कुठे राहायचं. आयुष्यात एकदा आम्हाला विचारलं गेलं की तुमचं कोण. मी उत्तर दिलं."

मी विचारलं, "आणि मिस ओडेसा?"

"ओडेसा माझी आहे," त्या म्हणाल्या. "तिचे लोक माझे नाहीत."

काका, आपण इतिहास सांगून कुणाला लाजवू शकतो असं मलाही वाटत होतं. त्यांना तो माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि तो त्यांना दुसरंच काही सांगतो. त्यांचं दुःख खोटं नाही. त्यांनी केलं ते चूक आहे आणि त्यांचं दुःख खरं आहे.

पुढची चूक माझी. 'ओडेसा माझी आहे' हे ऐकून मिस ओडेसांना जरा बरं वाटेल म्हणून मी घरी येऊन ते वाक्य सांगितलं. अर्धंच सांगणार होते, पण त्या म्हणाल्या, पुढे काय म्हणाली ते सांग, ती कधी अर्धं बोलत नाही. मग सांगावं लागलं. त्या उठल्या, पोर्चवरची खुर्ची उचलून घराच्या मागे घेऊन गेल्या. मी मदत करायला गेले तर नको म्हणाल्या. आता संध्याकाळी त्या मागच्या अंगणात बसतात. तिथून कोंबड्यांचं मोडकं खुराडं दिसतं, आणखी काही नाही. गोष्टीही सांगत नाहीत.

तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. निरोप तुमचा होता, पण पोचवला मी.

उपासना


हर्नडन
११ जानेवारी २००३

चि. उपासना, जयभीम.

तुझ्या दोन पोस्टकार्डांना उत्तर दिलं नाही. प्रकृती बरी आहे. यापुढे कार्ड पाठवू नकोस. बंद पाकिटात लिहीत जा. का, ते सांगतो.

नाताळच्या सुट्टीत इथे जेवण होतं. पुण्याकडचे दिगंबर म्हणून एक गृहस्थ आहेत, मोठे हसतमुख. माझ्या शेजारी बसले. म्हणाले, काका, मूळ गाव कुठलं? मी म्हटलं नागपूर. नागपुरात कुठे? म्हटलं इंदोरा. ती वस्ती आपली, हे त्यांना माहीत असावं. पाण्याचा ग्लास खाली ठेवून म्हणाले, "आणि आडनाव राज? नागपूरकडे हे आडनाव ऐकलं नाही." मी सांगायला तोंड उघडलं, तोच टेबलाच्या पलीकडून कुशल म्हणाला की आमच्याकडे राजच लावतात, पूर्वज उत्तरेकडून आले होते, आणि बाबा, तुमची गोळी घ्यायची वेळ झाली ना? मी उठून खोलीत गेलो. गोळी माझी झोपतानाची असते.

खोलीत तसबिरीची जागा मोकळी होती. तेव्हा मला कळलं की ती पुसायला नेत नव्हते.

पाहुणे गेल्यावर कुशल आला. आवाज चढवला नाही, चांगलं बोलला. म्हणाला, इथे कुणी शिवी देत नाही, कुणी जेवणाचं निमंत्रण बंद करत नाही. फक्त कळलं की माणसं तुमच्याशी जपून बोलायला लागतात, एकेक शब्द निवडून. ऑफिसमध्ये अर्धी टीम भारतीयच आहे. कॉलेजात वसतिगृहात मी ते चार वर्षं भोगलं, तुम्हाला कधी सांगितलं नाही. निमिषच्या वाट्याला ते नको. मग म्हणाला, "तुम्ही मला हवे आहात, बाबा. बाकीचं सगळं मी मागे ठेवून आलो."

छप्पन्न साली दीक्षाभूमीवर मी माझ्या बापाच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो. बाप म्हणाला होता, आजपासून मान वर. ते मी कुशलला सांगितलं नाही. त्याला ते पाठ आहे.

मी त्याला रागावू शकत नाही, हेच कठीण जातं.

राजाराम काका


वेवोका
२ मार्च २००३

आदरणीय काका, जयभीम.

पत्र वाचून आधी संताप आला. कुशलदादाला फोन लावायला घेतला होता. मिस ओडेसांनी विचारलं कुणाला इतक्या तावातावाने फोन करतेस, म्हणून त्यांना सगळं सांगितलं. जात म्हणजे काय हे समजावायला वेळ लागेल असं वाटलं होतं. लागला नाही. त्यांनी फोन खाली ठेवायला लावला. म्हणाल्या, आमच्याकडेही उजळ कातडीची पोरं शिकागोला जायची, गोरी म्हणून राहायची आणि परत यायची नाहीत. आया त्यांची नावं घेत नसत, कुणी ऐकलं तर पोराचं नुकसान होईल म्हणून.

काका, तुम्ही इकडे या. खरंच. घर लहान आहे, पण एक खोली रिकामी आहे. ओक्लाहोमा सिटीपर्यंत विमान आहे, मी ड्राइव्ह करून घ्यायला येईन. उन्हाळ्यानंतर मी स्टेट कॉलेजला परत जाईन, तेव्हा तिकडे चला. विद्यार्थ्यांचं अपार्टमेंट आहे, पण राहता येईल.

मिस ओडेसांची किडनी बिघडली आहे. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं, दुसरं कुणी नाही म्हणून मीच नेते. वाटेत त्या मिस लुसिंडांच्या घराकडे बघत नाहीत. मिस लुसिंडा मात्र खिडकीत असतात. गाडी गेली की पडदा पडतो.

उपासना


हर्नडन
६ एप्रिल २००३

चि. उपासना, जयभीम.

बोलावलंस यातच आलं. मी येणार नाही. दोन कारणं आहेत. इंदोऱ्याचं घर मी इकडे येताना भाच्याच्या नावे करून आलो, तेव्हा नागपूरला परतलो तरी पाहुणाच. आणि इथून निघालो तर कुशलला लोकांना कारण सांगावं लागेल, म्हणजे आणखी एक खोटं. त्याच्यावर ती वेळ मी आणणार नाही.

तसबीर मीच कपाटात ठेवली आहे, माझ्या सदऱ्यांखाली. आता दर शनिवारी काढायचा-लावायचा त्रास नाही.

निमिष त्या दलदलीची पुढची गोष्ट विचारतो. मी सांगतो की पुढची मला माहीत नाही.

ओडेसाबाईंना सांभाळ.

राजाराम काका


वेवोका
१६ नोव्हेंबर २००३

आदरणीय काका, जयभीम.

तुमचं पत्र बऱ्याच महिन्यांत नाही. फोन केला तर अहिल्यावहिनी म्हणतात काका झोपलेत. मी ऑगस्टमध्ये परत जाणार होते, पण मिस ओडेसांना डायलिसिसला नेणारं कुणी नाही म्हणून मुक्काम वाढवला. गाइड वैतागले आहेत.

एक बातमी आहे, आनंदाची म्हणावी तर. वॉशिंग्टनने जमातीवर दबाव आणला. काळ्या सेमिनोलांना परत घेतल्याशिवाय तुमच्या सरकारला मान्यता नाही म्हणाले. त्यामुळे दोन्ही तुकड्यांना कौन्सिलच्या जागा परत मिळाल्या, मत परत मिळालं. पण शाळेच्या पोरांना कपडे, म्हाताऱ्यांना मदत, असल्या योजना मात्र नाहीत. त्या 'रक्ताच्या' लोकांसाठी. त्यावरचा कोर्टातला दावाही काळे सेमिनोल हरले. कोर्ट म्हणतं, जमात स्वतंत्र आहे, तिच्या मर्जीशिवाय तिला कोर्टात खेचता येत नाही, आणि तिच्याशिवाय खटला चालत नाही.

चर्चमध्ये काही जणांनी केक कापला. मिस ओडेसा गेल्या नाहीत. म्हणाल्या, "सरकारने मला ढकलून लुसिंडाच्या घरात घातलं. ते आत बोलावणं नव्हे."

मिस लुसिंडा मला पोस्ट ऑफिसमध्ये भेटल्या. म्हणाल्या, बघितलंस? पुन्हा वॉशिंग्टननेच ठरवलं. आणि पूर्वी मला पाहून थांबायच्या, त्या दिवशी थांबल्या नाहीत.

काका, तुम्ही बरे आहात ना? दोन ओळी लिहा.

उपासना


हर्नडन
८ फेब्रुवारी २००४

प्रिय उपासना,

फोनवर तुला बातमी दिली तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय. मराठीत लिहायची सवय गेली आहे, चुका समजून घे.

बाबा झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले हार्ट. गेले काही महिने ते फार शांत झाले होते. आम्हाला वाटलं आता इथे सेटल झाले. जेवायचे, टीव्ही बघायचे, कसलाही हट्ट नाही. पाहुणे आले की आपण होऊन खोलीत जायचे. अहिल्या म्हणायची, बाबांनी किती छान ॲडजस्ट केलं.

सगळं व्यवस्थित पार पडलं. दिगंबर आणि बाकी मित्रांनी फार धावपळ केली. मला काही सुचत नव्हतं, त्यांनीच मेरीलँडहून गुरुजी आणले. फ्युनरल होममध्ये मंत्र, गीतेचा अध्याय, सगळं नीट झालं. दहाव्याला इथल्या मराठी मंडळाचे इतके लोक आले की गाड्या लावायला जागा नव्हती. बाबांना इथे सगळे किती मानत होते ते तेव्हा कळलं. गुरुजींनी गोत्र विचारलं, तर दिगंबरच म्हणाला कश्यप सांगा, ते सगळ्यांना चालतं.

एक रिक्वेस्ट. तू समजून घेशील. मंडळाच्या वेबसाइटवर श्रद्धांजलीचं पान केलं आहे. तू लिहिलंस तर साधंच लिही, प्लीज. निमिषचे मित्रही ते पान वाचतात.

बाबांचे कपडे आणि सामान डोनेट केलं. कपाट आवरताना मी नव्हतो, अहिल्याच्या मैत्रिणींनी सगळं बॉक्सेसमध्ये भरलं. तुला त्यांची काही आठवण हवी होती का? आधी विचारायला हवं होतं.

तुझा,
कुशलदादा


वेवोका
११ जुलै २००४

प्रिय कुशलदादा,

तुझ्या पत्राला पाच महिन्यांनी उत्तर देते आहे. त्या पानावर मी काही लिहिलं नाही.

हे पत्र खरं तर काकांचं आहे. त्यांनी एक गोष्ट अर्ध्यात ऐकली होती. ते नाहीत, आणि ती पूर्ण सांगावी असं मला दुसरं कुणी नाही. इथे रस्त्याच्या दोन बाजूंना दोन म्हाताऱ्या राहायच्या. एक काळी, मिस ओडेसा, जिच्या घरात मी राहते. दुसरी सेमिनोल, मिस लुसिंडा. त्यांचे पूर्वज गुलामगिरीविरुद्ध एकत्र लढले होते. लुसिंडाने ओडेसाच्या लोकांना जमातीतून काढायला मत दिलं. दोघी पुन्हा बोलतील असं काकांना शेवटपर्यंत वाटायचं की नाही, मला माहीत नाही. सुरुवातीला वाटायचं.

जूनच्या शेवटी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च कोर्टाने काळ्या सेमिनोलांचा योजनांवरचा दावा ऐकायलाच नकार दिला. मिस ओडेसांना मी डायलिसिसच्या खुर्चीवर ही बातमी सांगितली. त्यांनी मान हलवली आणि नर्सला पांघरूण मागितलं. दोन दिवसांनी त्यांनी डायलिसिस बंद करायला सांगितलं. मी हट्ट केला, रडले. त्या म्हणाल्या, तू तुझ्या शाळेत परत जा, पोरी, माझ्यामुळे फार दिवस अडकलीस. गुरुवारी गेल्या.

काल अंत्यविधी झाला. चर्च लहान आहे, चाळीसेक माणसं होती. त्यांनी सांगून ठेवलं होतं की मातीला नेण्याआधी सेमिनोल भाषेतलं एक जुनं भजन म्हणा. ते फ्लोरिडाहून बोटींतून येताना दोन्ही लोक मिळून म्हणत असत, असं त्या सांगायच्या. पास्टरांनी सुरू केलं, आणि दुसऱ्या ओळीला अडकले. कुणालाच शब्द येत नव्हते. या चर्चमधल्या ज्यांना येत होते त्यातल्या मिस ओडेसा शेवटच्या. सगळे नुसते गुणगुणत राहिले.

मी बाहेर आले, कारण मला ते ऐकवेना. फाटकाशी एक पिकअप उभा होता. नातू स्टिअरिंगला, आणि शेजारी मिस लुसिंडा, काळा ड्रेस घालून, मांडीवर पर्स. काच खाली होती. त्या ओठांत पूर्ण भजन म्हणत होत्या. शब्दन् शब्द.

मी दार उघडलं. म्हटलं, आत चला. त्यांना शब्द येत नाहीत. तुम्हाला येतात.

त्यांनी भजन संपवलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "मी आत जाऊन गायले तर त्यांना वाटेल की उद्या पुन्हा मतदान झालं तर मी वेगळं मत देईन. मी देणार नाही. ओडेसाशी मी कधी खोटं वागले नाही. आता कशाला वागू?"

मी म्हटलं, आज मतदान नाही, मिस लुसिंडा. आज फक्त मिस ओडेसा आहेत.

"ती पेटीत आहे," त्या म्हणाल्या. "आत जे बसलेत ते तिचे लोक आहेत."

त्यांनी हात पुढे करून दार ओढून घेतलं. नातवाने गाडी सुरू केली. आत लोकांनी तोवर गुणगुणणं सोडून, सगळ्यांना येणारं एक इंग्रजी गाणं धरलं होतं.

दादा, मला तुझा राग आला होता, तो आता नाही. त्याच्या जागी काहीच नाही, हे जास्त वाईट आहे. प्रबंध मी पुरा करीन असं वाटत नाही. जुन्या लोकांनी एकत्र येऊन काय केलं ते मला लिहिता येतं. त्यांच्या पोरांनी एकमेकांचं काय केलं, ते लिहायला बसले की हात थांबतो.

घराचा ताबा मिस ओडेसांचा दूर राहणारा पुतण्या पुढच्या आठवड्यात घेणार आहे. या पत्त्यावर उत्तर पाठवू नकोस. मी इथे नसेन.

उपासना मेश्राम